शूबिल, एक नग

"गेल्या अकरा वर्षांत माझा एकही प्रोजेक्ट एक दिवससुद्धा उशिरा गेलेला नाही, आई," मी स्काइपवर सासूबाईंना छाती पुढे काढून सांगितलं. "तुमचा पक्षी म्हणजे काय, एक नग! तुम्ही फक्त तारीख सांगा."

"आज तारीख किती?" सासूबाईंनी कराडहून विचारलं.

"तीन जानेवारी."

"माझा वाढदिवस दोनला असतो, उल्हासराव."

माझ्यामागे अहिल्या भांडी आवरत होती. तिने पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं. तिने स्वतः आदल्या दिवशी सकाळीच आईला फोन केला होता, आणि मला तीनदा आठवण करून दिली होती. मी 'आईंना फोन' अशी ओळ माझ्या शीटमध्ये टाकलीही होती. ती हिरवी केली होती. फोन करायचं ठरलं होतं, म्हणजे तो झाल्यातच जमा होता.

ही हिरवी भानगड आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मलाही सगळं कळलंय असं नाही.

मी जर्मनीत इंगोलश्टाटला एका सप्लायर कंपनीत आहे. गाडीचं दार लावल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून कडेने काळं रबर असतं ना, ते आम्ही बनवतो. त्या रबरासाठी दर सोमवारी स्टेटस मीटिंग असते. भिंतीवर शीट लागते, तिच्यात दोनशे ओळी, आणि प्रत्येक ओळीला सिग्नलसारखा रंग. लाल म्हणजे बोंब. पिवळा म्हणजे बोंब होणार आहे. हिरवा म्हणजे पुढे चला. लाल ओळीवर लोक दोन-दोन तास घालवतात. हिरव्या ओळीला कोणी काही विचारत नाही. विचारलं तर याला कामधंदा नाही असं समजतात. त्यामुळे माणूस अनुभवाने एक गोष्ट शिकतो: ओळ लवकरात लवकर हिरवी करायची.

आता सासूबाई. नाव मीराबाई, वय एकाहत्तर. कराडच्या शाळेत छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यांच्या वर्गात जगातल्या पक्ष्यांचा एक तक्ता होता, आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात होता शूबिल. पोटापर्यंत उंच, करडा, दलदलीत तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा, आणि चोचीच्या जागी कुणीतरी जुना लाकडी जोडा ठोकून दिल्यासारखा. दरवर्षी जूनमध्ये नवी पोरं विचारायची, "बाई, हा खरा आहे का?" आणि बाई म्हणायच्या, "हो."

"छत्तीस वर्षं मी न बघता हो म्हटलंय," त्या स्काइपवर म्हणाल्या. "दर वर्षी सत्तर पोरं. एकदा डोळ्यांनी बघू दे मला. खोटं बोलले असेन तर तेही कळेल."

नोव्हेंबरमध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर दलदलीत, होडीत चढणं-उतरणं काही जमणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे बघायचं तर याच वर्षी, २०१६लाच. आमच्या कंपनीला ऑगस्टमध्ये तीन आठवडे टाळं असतं. आई जूनमध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येणारच होत्या. सगळं इतकं जुळून आलं होतं की मी त्याच दिवशी नवीन शीट उघडली आणि वर लिहिलं: 'शूबिल, एक नग.' सवयीने प्रत्येक ओळ मराठीशेजारी जर्मनमध्येही लिहीत गेलो.

प्लॅन असा. युगांडा, दहा दिवस. आधी बविंडीच्या डोंगरातलं जंगल. तिथे टुराको, सनबर्ड, हिरवा ब्रॉडबिल वगैरे किरकोळ माल. मग शेवटच्या दिवशी, १४ ऑगस्टला, एन्टेबे विमानतळाजवळची माबाम्बाची दलदल, आणि तिथे शूबिल.

"मुख्य पक्षी शेवटी का?" अहिल्याने विचारलं. "आधी त्याला बघू, मग डोंगर चढू."

"क्रिटिकल डिलिव्हरी नेहमी शेवटी," मी म्हटलं. "तोपर्यंत टीम तयार होते."

"टीम म्हणजे एकाहत्तर वर्षांची माझी आई, बारा वर्षांची आपली पोरगी कादंबरी आणि मी?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं.

तिकडचा गाइड इंटरनेटवर सापडला. नाव मुगिशा, वीस वर्षांचा अनुभव. त्याने पहिल्याच मेलमध्ये लिहिलं, 'या, पक्षी मजेत आहेत.' मला ते फार ढिलं वाटलं. सप्लायरला असं मोकळं सोडलं की पुढे तो डोक्यावर बसतो. म्हणून मी त्याला लास्टनहेफ्ट पाठवलं. लास्टनहेफ्ट म्हणजे आम्हाला नेमकं काय हवंय त्याची पोथी. आमच्याकडे साध्या रबराच्या बुचाचंही चाळीस पानांचं असतं. याचं मी चौदा पानांत भागवलं. 'शूबिल, प्रौढ, नग एक. वेळ सकाळी साडेनऊ, पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालतील. अंतर जास्तीत जास्त वीस मीटर. तोंड गिऱ्हाइकाकडे.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'प्रिय श्री. उल्हास, मी पक्ष्याला तुमची वेळ कळवली आहे. त्याचं उत्तर आलं की सांगतो.'

मला वाटलं, चला, सप्लायर प्रोफेशनल आहे. ओळ हिरवी केली.

एप्रिलमध्ये एक छोटा घोळ झाला. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी लॅपटॉप लावला आणि भिंतीवर रबराच्या सीलऐवजी शूबिलची शीट लागली. मला ते तिसऱ्या मिनिटाला कळलं, पण तोवर आमचे साहेब, हेर त्सिर्नगिबल, चष्मा वर करून वाचायला लागले होते.

"शूश्नाबल," ते जर्मनमधलं नाव वाचत म्हणाले. "एकच नग? सप्लायर कोण?"

"युगांडात आहे," मी म्हटलं.

"एकाच सप्लायरवर अवलंबून? दुसरा सोर्स?"

"झांबियात मिळतो," मी म्हटलं. आणि खरंच मिळतो.

क्वालिटीच्या बाईंनी नमुना तपासला आहे का विचारलं. लॉजिस्टिक्सवाल्याने विचारलं, पॅलेटवर येणार की खोक्यात. 'तोंड गिऱ्हाइकाकडे' ही अट सगळ्यांनाच पटली. वीस मिनिटं चर्चा झाली, मिनिट्समध्ये मुद्दे गेले, आणि हेर त्सिर्नगिबलनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "हेर उल्हास, ही तुमची आजवरची सगळ्यात स्वच्छ शीट आहे. हिरवी." बाहेर आल्यावर मला सांगावंसं वाटलं की तो पक्षी आहे. पण मिनिट्स मंजूर झाली होती.

या शाबासकीने मला जोर चढला. मी मुगिशाला पुढचा कागद पाठवला. आमच्याकडे कुठल्याही कामात काय काय बिघडू शकतं याचा तक्ता करतात. बिघडलं तर किती वाईट, किती वेळा बिघडेल, आणि बिघडतंय हे ओळखायला किती कठीण, असे दहापैकी तीन आकडे देतात आणि गुणतात. गुणाकार शंभरच्या वर गेला की उपाय करावाच लागतो. तिथे साहेबाचंही चालत नाही. मी पक्ष्याच्या बाजूच्या ओळी लिहिल्या आणि म्हटलं, आकडे तुम्ही भरा.

मुगिशाने आकडे भरले. शिवाय खाली, न विचारता, गिऱ्हाइकाच्या बाजूच्या ओळी स्वतःच घातल्या.

'पक्षी न येणे: एकवीस.

होडी गळणे: सोळा.

गिऱ्हाईक झोपणे: बहात्तर.

गिऱ्हाईक बोलणे: दहा गुणिले दहा गुणिले दहा. एक हजार.'

आणि टीप: 'ओळखायला कठीण याचे पूर्ण दहा दिले आहेत, कारण आपण बोलतोय हे गिऱ्हाइकाला स्वतःला कधीच कळत नाही.'

हजार! अकरा वर्षांत मी एवढा आकडा कधी बघितला नव्हता. एकदा एका गाडीचं दार चालू हायवेवर उघडलं होतं, तेव्हासुद्धा तीनशेच आले होते. झोपण्याची ओळ मात्र मी लगेच हिरवी केली. आई जन्मभर पहाटे साडेचारला उठतात, त्या कसल्या झोपतायत. पण हजारावर उपाय हवाच होता, आणि तोही मुगिशानेच लिहिला होता. 'घराजवळच्या पाणथळीत तीन तास गप्प बसून दाखवा. अहवाल पाठवा.'

"म्हणजे आता तो तुमची परीक्षा घेणार?" अहिल्या हसत सुटली. आई आल्या होत्या तोवर, त्यामुळे ती मला अहो-जाहो करत होती. एरवी 'तू' असतं.

"सप्लायरने गिऱ्हाइकाचं ऑडिट केलेलं मी ऐकलेलं नाही," मी म्हटलं.

"बरोबर आहे त्याचं," आई म्हणाल्या. "मीसुद्धा चाचणी घेतल्याशिवाय पुढचा धडा घेत नसे."

डोनाऊ नदीच्या काठाला, शहराबाहेर, एक पाणथळ आहे. तिथे पक्षी बघायला लाकडी खोपी केली आहे, भिंतीला आडव्या फटी ठेवलेली. जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही चौघं आत शिरलो. आत अकराजण आधीच बसले होते, सगळे शेवाळी रंगाच्या जॅकेटमध्ये. दाराजवळच्या आजोबांनी हाताच्या खुणेनेच सांगितलं की वीतभर, अतिशय लाजरा बगळा समोरच्या बोरूत शिरलाय आणि ते पहाटे चारपासून त्याची वाट बघतायत. बगळा दिसला की तो त्यांचा या वर्षातला दोनशेवा पक्षी होणार होता. हे सगळं त्यांनी खुणांनी सांगितलं. मी थक्क झालो.

अठरा मिनिटं बरी गेली. आई फटीला डोळे लावून ताठ बसल्या होत्या. बोरू हलला. एक तपकिरी चोच बाहेर आली. अकराही दुर्बिणी एकदम वर गेल्या. आणि त्याच क्षणी पाण्यावरून निळं काहीतरी सुर्रकन गेलं.

"खंड्याऽऽ!" आई गरजल्या. छत्तीस वर्षं सत्तर पोरांच्या वर्गात मागच्या भिंतीपर्यंत पोचलेला आवाज होता तो. "अल्सेडो अ‍ॅथिस! मागच्या बाकावर दिसला का?"

मागच्या बाकावर ते आजोबा होते. त्यांना खंड्या दिसला होता. बगळाही दिसला होता, पण तो जाताना, आणि त्याच्याबरोबर चाळीसेक बदकं, दोन हंस आणि पलीकडच्या काठावरचा एक कुत्राही पळाला.

"आल्झो," आजोबा दुर्बीण पिशवीत ठेवत म्हणाले. म्हणजे 'असो.' एवढंच.

"ओमा, दास वार पाइनलिश," कादंबरी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून जर्मनच येतं. आजीची तिला लाज वाटली होती, एवढं मात्र भाषा न कळताही कळत होतं.

मी नियमाप्रमाणे अहवाल लिहिला. आमच्याकडे कारणाच्या मुळाशी जायला पाच वेळा 'का' विचारतात. गिऱ्हाईक का ओरडलं? कारण तिला पक्षी दिसला. पक्षी दिसल्यावर का ओरडलं? कारण ती शिक्षिका होती. शिक्षिका का ओरडते? कारण वर्गात सत्तर पोरं होती. सत्तर का? कारण शाळेने दुसरी तुकडी उघडली नाही. का उघडली नाही? इथे मी अडकलो. "खोली नव्हती," आई म्हणाल्या. मी मूळ कारण म्हणून 'खोली नव्हती' लिहून मुगिशाला पाठवलं.

त्याचं उत्तर आलं. 'समजलं. आमच्या शाळेतही नव्हती. पुन्हा बसा.'

मग घरात ट्रेनिंग सुरू झालं. मी खुणांचा तक्ता केला. एक बोट म्हणजे पक्षी. दोन बोटं म्हणजे मोठा पक्षी. तळहात म्हणजे थांबा. मूठ म्हणजे मगर. रोजचं जेवण संपूर्ण मुक्याने. कादंबरीला हे फार आवडलं, कारण मराठी बोल म्हणून कोणी मागे लागत नव्हतं. पहिल्या दिवशी आईंनी मीठ मागायला मूठ दाखवली आणि आम्ही सगळ्यांनी पाय वर घेतले. दुसऱ्या आठवड्यात आमचं इतकं बसलं की दाराची बेल वाजली तरी कोणी 'कोण आहे' म्हणेना. पोस्टमन दोन पार्सलं परत घेऊन गेला. अहिल्याने फ्रिजवर चिठ्ठी लावली: 'हे अती होतंय.' मी खाली लिहिलं: 'हजार.'

जुलैच्या मध्याला आम्ही पुन्हा त्या खोपीत गेलो. आईंनी टोपी घातली, पुढच्या बाकावर बसल्या, फटीकडे तोंड केलं. तीन तास चार मिनिटं. एक शब्द नाही. पाठ पट्टीसारखी सरळ. खंड्या दोनदा गेला, बोरूत काहीतरी खुडबुडलं, एका बाईंचा थर्मास खाली पडला. आई हलल्या नाहीत. तेच आजोबा आले होते. त्यांनी मागून आईंच्या पाठीकडे बघून मला अंगठा दाखवला. वेळ संपल्यावर मी हलकेच त्यांच्या खांद्याला हात लावला तर त्या केवढ्या दचकल्या!

"एकाग्रता," मी अहिल्याला म्हटलं. "बघितलीस?"

मी अहवाल पाठवला. मुगिशाने हजाराचे चाळीस केले. ओळ हिरवी.

आता सगळ्या दोनशे चौदा ओळी जवळजवळ हिरव्या झाल्या होत्या. ओळ एकसष्ट तेवढी उरली होती: पिवळ्या तापाची लस, व्यक्ती चार. ही लस घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय युगांडात घेत नाहीत. एका बुधवारी चौघांची अपॉइंटमेंट होती. डॉक्टरांनी आईंना वयामुळे बराच वेळ तपासलं. मी बाहेर पॅसेजमध्ये मुगिशाशी फोनवर गमबुटांचे नंबर ठरवत होतो. बेचाळीस आणि त्रेचाळीसमध्ये आमचं बरंच लांबलं. फोन संपला तेव्हा तिघीजणी हातात पिवळी पुस्तकं घेऊन बाहेर उभ्या होत्या आणि डॉक्टर जेवायला गेले होते.

"आता अडीचला उघडेल," अहिल्या म्हणाली. "थांबायचं?"

"मला दोनला मीटिंग आहे. मी पुढच्या आठवड्यात येतो," मी म्हटलं, आणि रिसेप्शनवर तशी वेळ घेतलीही. चारपैकी तीन झालेच होते, चौथ्याचं ठरलं होतं. ओळ हिरवी केली.

एक ऑगस्टच्या सोमवारी दुपारी, म्हणजे निघायच्या चार दिवस आधी, कादंबरी सुट्टीत कंटाळून सोफ्यावर लोळत होती. अहिल्या म्हणाली, "अहो, तिला ती तुमची शीट वाचायला द्या. निदान मराठी वाचन तरी होईल."

"हिरव्या ओळी वाचून काय करणार?"

"द्या हो."

कादंबरीने लॅपटॉप मांडीवर घेतला, कागदांची फाइल शेजारी ठेवली आणि एक-एक ओळ वाचून कागदाशी ताडून बघायला लागली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या कंपनीतही हे कोणी करत नाही.

"ओळ सात. व्हि-सा. आजी." तिने आईंचा पासपोर्ट उघडला. "पापा, डा श्टेट आइन्स."

"हो, बाळा. आजी एकच आहे."

"नाइन. हिअर." तिने नाही म्हणून मान हलवली आणि बोट ठेवलं. व्हिसाच्या स्टिकरवर जर्मनमध्ये लिहिलं होतं, आत यायच्या फेऱ्या किती. पुढे शून्य एक.

अहिल्या हात पुसत आली. तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "म्हणजे आईला जर्मनीत एकदाच येता येतं. ती एकदा जूनमध्ये आली. आता युगांडाला गेली की परत घेणार नाहीत."

"असं कसं," मी म्हटलं. "व्हिसा पंधरा सप्टेंबरपर्यंत आहे."

"बाहेर नाही गेली तर! तू बघितलं होतंस ना हे?" आईंसमोर तिचं अहो-जाहो सुटलं होतं, यावरून परिस्थिती कळावी.

"व्हिसा आहे का ते बघितलं होतं," मी म्हटलं. "होता."

कोणी काही बोलेना. ट्रेनिंगमुळे ते आम्हाला छान जमत होतं. मी मनात पर्याय मांडत होतो: ट्रिप रद्द, किंवा पुढच्या वर्षी, पण पुढच्या वर्षी गुडघे, किंवा नवा व्हिसा, पण चार दिवसांत कुठला. तेवढ्यात आईंनी चष्मा काढला.

"मग मी तिथूनच परस्पर कराडला जाते."

"आई, तुझे अजून सहा आठवडे आहेत इथे!" अहिल्या म्हणाली. "कादंबरीच्या शाळेचा पहिला दिवस, माझी रजा, सगळं तुझ्यासाठी ठेवलंय..."

"नात मला रोज स्काइपवर दिसते," आई म्हणाल्या. "हा पक्षी स्काइपवर येत नाही. बघ तुला पटतंय का, कादंबरी."

कादंबरीने थोडा विचार केला. मग दोन बोटं वर केली. मोठा पक्षी. आईंनीही दोन बोटं वर केली. अहिल्या रडत रडत हसायला लागली आणि मी लॅपटॉप ओढून चौदा ऑगस्टचं दुपारी तीनचं, एन्टेबेहून अदिस अबाबामार्गे मुंबईचं तिकीट काढलं. माझं मलाच कौतुक वाटलं. शेवटच्या क्षणी सप्लाय चेन बदलणं प्रत्येकाला जमत नाही.

"फक्त आता शेवटच्या दिवशी काही बिघडता कामा नये," मी म्हटलं. "आईंना दुसरा चान्स नाही."

"ओळ एकसष्ट," कादंबरी म्हणाली. तिच्या हातात चार पिवळी पुस्तकं होती. तीन तिने टेबलावर ठेवली. चौथं उघडून माझ्यासमोर धरलं. "पापा. लेअर."

रिकामं होतं. त्या पुढच्या आठवड्यात ऑफिसात ऑडिट होतं. अपॉइंटमेंट माझ्या डोक्यातून गेली होती, पण ओळ हिरवी होती म्हणून शीटनेही आठवण करून दिली नव्हती. लस त्याच दिवशी घेतली असती तरी दहा दिवस म्हणजे अकरा ऑगस्ट. विमान पाच तारखेला.

"उल्हासराव," आई म्हणाल्या, "अकरा वर्षांत किती प्रोजेक्ट म्हणालात?"

शुक्रवारी म्युनिकच्या विमानतळावर मी तिघींना सोडलं. ट्रॉलीवर चार जणांचं सामान होतं, कारण माझी बॅग आधीच भरली होती आणि तिच्यात सगळ्यांचे गमबूट होते. मी आईंना शेवटच्या सूचना दिल्या.

"होडीतली जागा लक्षात आहे ना? तुम्ही सगळ्यात पुढे, एकट्या. मध्ये कोणाचं डोकं नको. मग सामान, मग अहिल्या आणि कादंबरी, शेवटी मुगिशा वल्हं घेऊन. कोणी बोलायचं नाही. कोणी उभं राहायचं नाही. कोणी कोणाला हात लावायचा नाही, होडी डुलते."

आईंनी अंगठा दाखवला. तोंडातून शब्द काढला नाही. मला भरून आलं.

पुढचे नऊ दिवस मी इंगोलश्टाटच्या स्वयंपाकघरात शीट उघडून बसलो. बातम्या चांगल्या होत्या. बविंडीच्या जंगलात रोज पहाटे चारला उठणं, दिवसभर चढ. आईंनी काठी टेकत टेकत टुराको बघितला, सनबर्ड बघितले, हिरवा ब्रॉडबिलसुद्धा बघितला. शेवटच्या आदल्या दिवशी दहा तासांचा गाडीप्रवास. अहिल्याने लिहिलं, 'आई दमलीय, पण कबूल करत नाहीये.' मी लिहिलं, 'टीम तयार झाली.'

चौदा तारखेला मी साडेनऊला घड्याळाकडे डोळे लावून उभा होतो. पावणेदहाला लक्षात आलं की तिकडे आपल्यापेक्षा एक तास पुढे असतं. म्हणजे जे व्हायचं ते मी दात घासत असतानाच होऊन गेलं होतं. फोन बघितला तर मुगिशाचा फोटो आलेला. दलदलीत, गवतात, पुतळ्यासारखा उभा, करडा, चोचीच्या जागी लाकडी जोडा. अंतर वीस मीटरच्या आत. तोंड गिऱ्हाइकाकडे. आणि फोटोच्या खालच्या बाजूला आईंची टोपी आणि पाठ. पट्टीसारखी सरळ. खाली लिहिलं होतं: '९:३१.'

मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. मग ओळ एक हिरवी केली. ही एकच ओळ मी खरी झाल्यावर हिरवी केली असेन. हेर त्सिर्नगिबलचा टिरोलमधून सुट्टीवरूनही मेसेज आला होता, 'आज शूश्नाबलची तारीख ना? आलं का?' मी लिहिलं, 'वेळेत आलं. एका मिनिटाचा फरक.' त्यांनी टाळ्या पाठवल्या.

दुपारभर अहिल्याचा फोन लागेना. तीनचं विमान वेळेवर सुटल्याचं मी नेटवर बघितलं. संध्याकाळी अदिस अबाबाहून आईंचा मेसेज आला.

'उल्हासराव, कादंबरीने मला फोटो दाखवला. पक्षी खरा आहे असं ती म्हणते.'

मी हा मेसेज चार वेळा वाचला. काहीतरी बसत नव्हतं. कादंबरी म्हणते? मी उत्तरात टाळ्या पाठवल्या आणि आईंच्या मेसेजकडे बघत बसलो.

तेवढ्यात मुगिशाचा मेल आला. मीच पाठवलेला डिलिव्हरीचा फॉर्म होता, त्याने नीट भरून पाठवलेला.

'शूबिल: मागणी एक, दिला एक. पक्षी हजर: ९:३१ ते ९:४०. आवाज: शून्य. पुढच्या जागेवरील गिऱ्हाईक: ९:१० ते ९:४७ झोपेत. मागून दिसले नाही, वेळा गिऱ्हाइकाने नंतर स्वतः सांगितल्या. नियमाप्रमाणे कोणी बोलले नाही, कोणी हात लावला नाही. स्टेटस: हिरवा.'